वाळवीने सोडलेलं बेट

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी धाकटीचं एक रंगीत कार्ड आलं. निळा समुद्र, डोंगराला टेकून बसलेली लाल कौलांची घरं, आणि मागे तिच्या तिरप्या अक्षरात मजकूर: "आजी, आम्ही सुट्टीत ग्रेनाडा नावाच्या छोट्याशा बेटावर आलो आहोत. कॅरिबियन समुद्रात आहे. तू हे नाव ऐकलंही नसशील." उरलेल्या जागेत तिने एक प्रश्न कोंबला होता: तुमच्या काळात मुलींना शिकवत नसत, मग तुला इंग्रजी कसं येतं?

या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे, म्हणून मी एकाच पत्रात लिहिते आणि सगळ्या नातवंडांना त्याच्या प्रती पाठवते. म्हणजे मग कोणाला काय लिहिलं होतं हे मला लक्षात ठेवायला नको.

नाव मी ऐकलेलं आहे. ग्रेनाडाची राजधानी सेंट जॉर्जेस. बेट डोंगराळ असून ज्वालामुखीपासून बनलेलं आहे. मध्यभागी एका जुन्या मुखात तळं आहे. पिकं जायफळ, जायपत्री, कोको आणि केळी. जवळचं कॅरिआकू नावाचं आणखी लहान बेट त्याच्याच कारभाराखाली येतं. पूर्वी फ्रेंचांचं होतं, नंतर इंग्रजांचं झालं. हे सगळं मला आजही इंग्रजीत, न अडखळता, स्थान, लोक, राज्यकारभार आणि व्यापार अशा क्रमाने म्हणता येतं. आता तिथे वेगळं काही असेल तर धाकटीने कळवावं. मी दुरुस्ती करून घेईन.

तेव्हा मला चौदावं लागलं होतं आणि आम्ही नाशकात राहत होतो. घरात माणसं तीन. माझे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, कलेक्टर कचेरीत भाषांतराचं काम करत. आई मी लहान असतानाच गेली होती, आणि घर आत्याच्या, म्हणजे अण्णांच्या धाकट्या विधवा बहिणीच्या हाती होतं. कचेरीत अण्णांच्या इंग्रजीला मान होता, घरात आत्याच्या मराठीला.

आमची मुलींची शाळा गंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका भाड्याच्या माडीवर भरे. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, हे तुमच्या आईबापांनी तुम्हाला सांगितलेलं नसणार. शाळेत इंग्रजी चौथीपर्यंत, म्हणजे तुमच्या आठवीपर्यंत, वर्ग होते. मी चौथीत होते. पाचवीचा वर्ग उघडायचा तर सरकारी तपासणी व्हायला हवी होती, आणि तपासणीला येणाऱ्या मडमने वहीत अनुकूल शेरा लिहायला हवा होता. शेरा चांगला तर पाचवी, नाहीतर चौथी संपली की घरी.

घरी म्हणजे सिन्नरला. अण्णांनी एकदा संध्याकाळी मला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. ते न्यायाने वागणारे होते आणि न्याय नेहमी आधी कळवत.

"पाचवी उघडली तर तू शिकशील. नाही उघडली तर सिन्नरचं स्थळ आहे. वैशाखात तुला चौदा पूर्ण होतात, म्हणजे लग्नाच्या कायद्याचीही अडचण नाही."

"मुलांच्या हायस्कुलात घालता येईल की," आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "सरकारवाड्याकडच्या डॉक्टरांच्या दोघी जातात."

"डॉक्टरांच्या जातात, हे मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "माझी जाणार नाही."

सिन्नरचा मुलगा एका वकिलांचा भाचा होता. त्याच्याविषयी आमच्याकडे माहिती एवढीच होती की त्याचं अक्षर सुरेख आहे आणि त्याला भात आवडत नाही. अक्षराचं कौतुक अण्णांना होतं. भाताची काळजी आत्याला होती. मला दोन्हींपैकी कशाशीच कर्तव्य नव्हतं. मला पाचवी हवी होती, आणि ती का हवी हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. एवढंच वाटे की धडा मध्येच बंद करून कोणी पुस्तक काढून घेऊ नये.

शाळा चालवणारी एक समिती होती. समितीतले बहुतेक जण व्यापारी आणि निवृत्त गृहस्थ. सरकारी इंग्रजी पत्र आलं की ते अण्णांकडे येई, अण्णा त्याचं शुद्ध मराठी करून देत, आणि बैठकीत तेच वाचलं जाई. मूळ पत्र फायलीत जाऊन बसे. मडमच्या आगमनाचं पत्रही असंच आलं. त्यात लिहिलं होतं की नव्या तपासनीस बाई अनुभवी असून नुकत्याच "डब्ल्यू. आय." इथून बदलून आल्या आहेत.

अण्णा रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचत, क्रिकेटच्या बातम्यांसकट. डब्ल्यू. आय. म्हणजे काय हे त्यांना कोशात पाहावं लागलं नाही. त्यांनी लिहिलं: "सदर बाईसाहेब वेस्ट इंडीज बेटांतून नुकत्याच इकडे आल्या आहेत."

समितीत हे वाचलं गेलं आणि सगळे खूश झाले. मडम कुठून आली हे आधी कळणं म्हणजे परीक्षेचा पेपर आधी कळण्यासारखंच होतं. आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, बोलावून सांगण्यात आलं की भूगोलात वेस्ट इंडीज पक्कं करून घ्या. जिथे राहिलो त्या मुलखाचं नाव मुलींच्या तोंडून ऐकलं की कोणाचंही मन विरघळेल.

आता वेस्ट इंडीजमध्ये बेटं पुष्कळ. नेमकं कोणतं करायचं, हा प्रश्न वाळवीने सोडवला. शाळेच्या कपाटात एका निवृत्त साहेबाने दिलेला एक जाड इंग्रजी ग्रंथ होता. त्यात साम्राज्यातल्या सगळ्या मुलखांची माहिती होती. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद ही पानं वाळवीने खाऊन टाकली होती. ग्रेनाडाची साडेतीन पानं तेवढी शाबूत होती. मोठ्या बाईंनी अण्णांकडे विचारणा केली, हे चालेल का? अण्णांनी निरोप दिला, चालेल. आसपासच्या बेटांचा गव्हर्नर तिथेच राहतो, त्यामुळे मडमचं तिथे जाणंयेणं असणारच.

अशा रीतीने आमच्या वर्गातल्या अकरा मुली महिनाभर ग्रेनाडात राहिल्या.

भूगोल शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, पांढरं लुगडं नेसत आणि फळ्यावर नकाशा फार छान काढत. त्यांनी साडेतीन पानांचे चार भाग केले आणि रोज थोडं थोडं आमच्याकडून घोकून घेतलं. राज्यकारभाराचा भाग मला अजून अक्षरशः आठवतो. त्याचं मराठी करायचं तर असं: "राज्यकारभार राजाने नेमलेल्या गव्हर्नराच्या हाती आहे. त्याच्या मदतीला एक मंडळ आहे. त्यातले काही सभासद सरकार नेमतं आणि काही, मालमत्ता बाळगणारे लोक निवडून देतात. इतरांना आपलं म्हणणं अर्जाने कळवता येतं. लोक एकंदरीत संतुष्ट आहेत."

शेवटचं वाक्य बाई नेहमी जरा भरभर म्हणत.

लोकांच्या भागात आम्ही एकदा अडलो. बहुसंख्य लोक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, हे कळलं. पुढे लिहिलं होतं, थोडे ईस्ट इंडियन. माझ्या शेजारची मुलगी मुंबईत मामाकडे जाऊन आलेली होती. ती म्हणाली, "बाई, ईस्ट इंडियन तर वांद्र्याला राहतात. ख्रिस्ती असतात."

"ते निराळे," बाई म्हणाल्या. "हे आपल्याकडचेच लोक. बिहार, मद्रास तिकडचे."

"मग ईस्ट इंडियन वेस्ट इंडीजमध्ये कसे?"

"जहाजातून. मळ्यात मजुरीला नेले."

"आणि परत?"

बाईंनी पुस्तकात पाहिलं. परत येण्याबद्दल साडेतीन पानांत काही नव्हतं. कदाचित वाळवीने खाल्लेल्या पानांत असेल.

घरी मी चुलीपाशी बसून पाठ म्हणत असे, कारण आत्याला ऐकायला आवडे. इंग्रजी तिला कळत नसे, म्हणून मी एक वाक्य इंग्रजीत आणि एक मराठीत म्हणायची. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, ग्रेनाडा हे एक बेट आहे.

"कशाचं?" आत्याने विचारलं.

"कशाचं म्हणजे?"

"बेट म्हणतेस ना. कळकाचं बेट असतं, वेळूचं असतं. हे कशाचं?"

"अगं आत्या, पाण्यातलं बेट. चारी बाजूंना समुद्र."

"मग तसं सांग. मी आपली मघापासून बांबूच्या जाळीत मडमला शोधतेय."

पण तिची खरी गोडी लागली ती व्यापाराच्या भागात. त्या बेटावर जायफळाची झाडं आहेत, रस्त्याच्या कडेला जायफळं गळून पडतात, हे ऐकून तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. आमच्या घरी जायफळ एका वेळी एकच येई. पुरणात, कॉफीत आणि शेजारच्या तान्ह्या बाळाच्या घुटीत, सगळ्यांत मिळून ते महिने महिने पुरे.

"आणि ते आपल्याकडचे मजूर, त्यांच्या बायकाही गेल्यात का तिथं?"

"गेल्या असतील."

"मग बाळघुटीला तरी त्यांना कमी नसेल," ती म्हणाली. त्या बायांबद्दल तिला वाटणारी काळजी एवढ्याने निम्मी झाली असावी. उरलेली निम्मी तिने कधी बोलून दाखवली नाही.

एकदा तिने मला भद्रकालीत जायफळ आणायला पाठवलं. तिथले मसाल्याचे व्यापारी वयस्कर होते, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. मी माझं ज्ञान लगेच त्यांच्यापुढे ठेवलं. "चाचा, हे जायफळ वेस्ट इंडीजचं ना? ग्रेनाडाचं?"

चाचांनी जायफळ कानाशी नेऊन हलवलं. आतली बी खुळखुळली. "बेटी, माझ्या वालिदांच्या वखतापासून जायफळ पूरबेकडून येतं. सिंगापूर, तिथून मुंबई, मुंबईहून नाशिक. पश्चिमेकडून माल येत नाही."

"पण पुस्तकात दिलंय."

"पुस्तक कुठून आलं?"

"विलायतेहून."

"हां," चाचा म्हणाले. "पश्चिमेकडून पुस्तकं येतात आणि हुकूम येतात. जायफळ पूरबेकडून." आणि पुडी बांधून दिली. मी ही माहिती बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत चाचांचं म्हणणं बाजूला ठेवू.

तपासणीच्या दिवशी जिन्यावर सडा घातला होता, त्यामुळे मडम पहिल्या पायरीवरच घसरता घसरता राहिली. उंच, वाळकी, उन्हाने लाल झालेली बाई होती. आवाज मात्र मऊ. तिने शिवण पाहिलं, गणितं घातली, कविता ऐकली. समितीचे दोन सभासद दाराशी हात जोडून उभे होते. मग मोठ्या बाईंनी अगदी सहज सुचल्यासारखं म्हटलं, "आता भूगोल." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले आणि ग्रेनाडा सुरू केलं. स्थान संपेपर्यंत मडम ऐकत होती. लोक संपेपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलं. राज्यकारभाराला तिने घड्याळ पाहिलं. व्यापारात मी जायफळाशी पोचले तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

"फार छान. पण हेच बेट का?"

मुलींनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मडमने पुन्हा विचारलं. शेवटी मोठ्या बाई हसतमुखाने म्हणाल्या, "मडम तिथे राहिलेल्या आहेत, म्हणून."

"मी?" मडम म्हणाली. "मी आयुष्यात तिकडे गेलेली नाही. मी राजकोटला होते. वेस्टर्न इंडियाच्या संस्थानांत."

दाराशी उभ्या दोघा सभासदांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण राजकोट कळलं. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. मी मात्र वेगळ्याच विचारात होते. ते मराठी पत्र कोणी लिहिलं होतं हे मुलींमध्ये फक्त मला माहीत होतं. दौत, टाक आणि ते वाक्य लिहिताना अण्णांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान, हे सगळं मी जवळून पाहिलं होतं.

मडम चांगल्या मनाची असावी. तिने मला खाली बसू दिलं नाही. म्हणाली, "बरं, आता याच क्रमाने मला तुमच्या गावाची माहिती सांग."

नाशिक आम्ही केलेलं नव्हतं. नाशकात राहून नाशिक कोण करणार? मी बाईंकडे पाहिलं, बाई जमिनीकडे पाहत होत्या. पाचवी माझ्यासमोर उभी होती आणि तिच्यामागे सिन्नर, भात न जेवणारं. मला नवीन इंग्रजी वाक्यं रचायची सवय नव्हती. माझ्याकडे होती ती ग्रेनाडाची वाक्यं. मी तीच घेतली आणि त्यांत नाशिक बसवलं.

स्थान जमलं. नाशिक हे गोदावरीच्या दोन्ही तीरांवर वसलेलं असून ही नदी त्र्यंबकला उगम पावते आणि जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राला जाऊन मिळते. मडमने मान डोलावली. लोकही जमले: पुजारी, तांबट, विणकर, शेतकरी आणि कारकून. व्यापारात मी म्हटलं, निर्यात द्राक्षं, कांदे, तांब्या-पितळेची भांडी आणि बाटलीतलं गंगाजळ. मुख्य आयात यात्रेकरू. इथे मडम पहिल्यांदाच हसली. मला धीर आला. राज्यकारभार मागे राहिला होता. तो मी न थांबता म्हटला, कारण त्यात बेटाचं नाव सोडून काहीच बदलावं लागलं नाही. राज्यकारभार राजाने नेमलेल्या गव्हर्नराच्या हाती आहे. त्याच्या मदतीला एक मंडळ आहे. काही सभासद सरकार नेमतं आणि काही, मालमत्ता बाळगणारे लोक निवडून देतात. इतरांना आपलं म्हणणं अर्जाने कळवता येतं.

आणि मी थांबले.

पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. पण पहिल्या बाकावर जी मुलगी बसली होती तिचे वडील तेव्हा नाशिकरोडच्या तुरुंगात होते. चोरीसाठी नव्हे, त्या दिवसांत लोक ज्यासाठी आपण होऊन जात त्यासाठी. ती मान वळवून माझ्याकडे पाहत होती.

मडमने वाट पाहिली. ग्रेनाडाचं तिने थोडं तरी ऐकलेलं असावं, कारण तिनेच विचारलं, "आणि लोक संतुष्ट आहेत का?"

मी म्हणाले, "नाशिकबद्दल तसं पुस्तकात दिलेलं नाही, मडम."

यात माझं शौर्य काही नव्हतं, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी आजी स्वातंत्र्यसैनिक होती असं शाळेच्या निबंधात लिहील. मी खरोखरच पुस्तकाबद्दल बोलत होते. पण मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि समितीचे दोघे सभासद जिन्याकडे सरकले. मडमने वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

मग कॉफी आली. ती माझ्या आत्याने करून पाठवली होती, आणि मडम जायफळाच्या देशातून आली आहे असं समजून अर्धं जायफळ उगाळून घातलं होतं. मडमने एक घोट घेतला आणि यात काय आहे असं विचारलं. मी उभीच होते, म्हणून मीच उत्तर दिलं: "जायफळ, मडम. ग्रेनाडाची मुख्य निर्यात."

घरी आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. राजकोट ऐकून तिने विचारलं, "म्हणजे अण्णा चुकला?"

"हो."

"इंग्रजीत?"

"हो."

तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं. हसत होती की नाही, मला दिसलं नाही. मग म्हणाली, "तू काही बोलू नकोस. कागद आपसूक येईल त्याच्याकडे."

तो दोन आठवड्यांनी आला. शेरा इंग्रजीत होता, समितीला मराठीत हवा होता, म्हणून पत्र नेहमीप्रमाणे आमच्याच घरी आलं. त्याच आठवड्यात गुरुवारी सिन्नरची मंडळी मला बघायला यायची होती. अण्णा संध्याकाळी कचेरीतून येऊन, हातपाय धुऊन, मेजाशी बसले. आत्या लसूण सोलत होती. मी भिंतीशी अभ्यास करत होते, म्हणजे पुस्तक उघडून बसले होते.

अण्णा थोडं वाचत, थोडं लिहीत. शिवण समाधानकारक. गणित बरं. भूगोलाशी आल्यावर टाक थांबला. पुष्कळ वेळ थांबला. शेऱ्यात काय होतं ते मी पुढे स्वतः वाचलं आहे. लिहिलं होतं की, मी वेस्ट इंडीजमध्ये होते अशा गैरसमजामुळे मुलींकडून एका दूरच्या बेटाची निरुपयोगी माहिती पाठ करून घेण्यात महिना घालवला गेला आहे. स्वतःच्या जिल्ह्याविषयी त्यांना थोडंच ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे त्यातलं काही अभ्यासक्रमात नाही. सबब पाचवी उघडण्याची शिफारस या वर्षी करता येत नाही.

"'गैरसमज' लिहू की 'चुकीची समजूत'?" अण्णा स्वतःशीच पुटपुटले.

"कुणाचा झाला ते लिहिलंय का?" आत्याने लसणातून मान वर न करता विचारलं.

"नाही. इंग्रजीत ते लिहावं लागत नाही."

"सोयीची भाषा आहे."

अण्णांनी पुन्हा टाक उचलला. सगळं भाषांतर पूर्ण केलं, एक शब्दही न गाळता. या बाबतीत ते पक्के होते. मग वाळू टाकून शाई टिपली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाचवी उघडत नाही."

मी मान हलवली. पानावरची अक्षरं मला दिसत नव्हती.

"मग सिन्नरकरांना यायचं कळवू ना?" आत्या म्हणाली. "गुरुवार ठरलाय."

"ठरल्याप्रमाणे."

"कळव. फक्त मुलीची शाळा का थांबली, हे ते विचारतील तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ठेव. वकिलांचं घर आहे, अण्णा. ते मूळ कागद मागतात."

अण्णा उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. आत्याने पुढची पाकळी सोलायला घेतली. ती आणखी एक वाक्य बोलली असती तर ते चिडले असते आणि मी सिन्नरला गेले असते, असं मला आजही वाटतं. ती बोलली नाही. एवढं मोजून बोलणारं माणूस मी पुढे कुठल्याही कचेरीत पाहिलं नाही.

"त्या डॉक्टरांच्या मुली," थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "कुठे बसतात?"

"पहिल्या बाकावर. मास्तरांच्या समोर."

"हं."

सिन्नरला पत्र गेलं की मुलीच्या शिक्षणाचं अजून ठरत असल्याने मंडळींनी तसदी घेऊ नये. त्या मुलाचं पुढे निफाडला लग्न झालं, आणि आत्याच्या कानावर आलं की तिथे तो भात खाऊ लागला.

सोमवारी अण्णा मला मुलांच्या हायस्कुलात घेऊन गेले. वाटेत ते माझ्या चार पावलं पुढे चालत होते. कारकुनाने छापील इंग्रजी अर्ज दिला. अण्णांनी तो नेहमीच्या सावकाश, वळणदार अक्षरात भरला. नाव, वय, जन्मतारीख. मग एका रकान्याशी ते अडले. आधीची शाळा सोडण्याचं कारण. मी त्यांच्या कोपराशी उभी होते. ते खूप वेळ त्या रिकाम्या ओळीकडे पाहत होते. कारकून खोकला. तेव्हा अण्णांनी टाक बुडवला आणि दोन-तीन शब्द लिहिले, वाचून पाहिले, आणि सही केली.

मॅट्रिक झाल्यावर त्या शाळेने दाखला दिला, त्यात तो रकाना अर्जावरून जसाच्या तसा उतरवलेला आहे. माझ्या पत्र्याच्या पेटीत तो अजून आहे, आणि त्याची प्रत मी या पत्राला जोडते आहे. मला इंग्रजी कसं येतं याचं उत्तर धाकटीला त्यात सापडेल. आधीची शाळा सोडण्याचं कारण, या ओळीपुढे लिहिलं आहे: गैरसमजामुळे.

कोणाच्या, ते लिहिलेलं नाही. इंग्रजीत ते लिहावं लागत नाही.